नऊ दिवसांत प्रशिक्षक: जेसन किडच्या पहिल्या वर्षाचा प्रकरण अभ्यास

३ जून २०१३ रोजी जेसन किडने बास्केटबॉल खेळणं थांबवल्याचं जाहीर केलं. १२ जूनला तो एनबीए या अमेरिकी व्यावसायिक लीगमधल्या ब्रुकलिन नेट्सचा मुख्य प्रशिक्षक झाला. मध्ये नऊ दिवस. आपल्याकडे निवृत्त माणसाच्या सत्काराला हॉल मिळायलासुद्धा याहून जास्त दिवस लागतात.

खेळाडूचा प्रशिक्षक होताना नेमकं कुठे अडतं, याचं इतकं उघड्यावर घडलेलं उदाहरण दुसरं सापडणार नाही. न्यूयॉर्क शहर, समोर रोज वार्ताहर, संघावर ओतलेला बेसुमार पैसा आणि बाकावर एक नवशिका. हे प्रकरण मुख्यतः त्या एका वर्षाचं आहे, जून २०१३ ते जून २०१४. पुढची दहा वर्षं शेवटी थोडक्यात घेतली आहेत, कारण पहिल्या वर्षाची उधारी तिथे फिटते. किड आणि इतर मोठ्या मंडळींची कारकीर्द सार्वजनिकच आहे, म्हणून नावं दिली आहेत. एका तरुण खेळाडूचं नाव मात्र मुद्दाम गाळलं आहे. एका विचित्र प्रसंगात तो नुसता सापडला होता. बंद दाराआड कोण कुणाला काय म्हणालं, त्यात शिरलेलो नाही.

पार्श्वभूमी

किडचा जन्म १९७३चा, सॅन फ्रान्सिस्कोचा. वाढला शेजारच्या ओकलंडमध्ये. १९९४च्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) डॅलसने त्याला दुसऱ्या क्रमांकावर उचललं आणि पहिल्याच हंगामात वर्षातला सर्वोत्तम नवोदित हा मान त्याने ग्रँट हिलसोबत वाटून घेतला. मग फिनिक्स. आणि २००१ मध्ये न्यू जर्सी नेट्स, म्हणजे हाच संघ, ब्रुकलिनला जायच्या आधीचा. तो येण्याआधीच्या हंगामात नेट्सनी ८२ पैकी २६ सामने जिंकले होते. तो आल्यावर ५२. २००२ आणि २००३ अशी सलग दोन वर्षं संघ अंतिम फेरीत गेला. एनबीएमध्ये आल्यापासून नेट्सनी अंतिम फेरीचं तोंड त्याआधी पाहिलं नव्हतं. पुढे डॅलसला परतून २०११ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, त्याने एकदाचं विजेतेपद मिळवलं. त्या संघाचे प्रशिक्षक होते रिक कार्लाइल. हे नाव पुन्हा येणार आहे.

कारकिर्दीत १२,०९१ असिस्ट (सहकाऱ्याला गुण मिळवून देणारे पास) आणि २,६८४ स्टील (प्रतिस्पर्ध्याकडून हिसकावलेले चेंडू). निवृत्तीच्या दिवशी दोन्ही याद्यांत तो जॉन स्टॉकटनच्या मागोमाग दुसरा होता. पण मला त्याच्याबद्दल सगळ्यात बोलका वाटतो तो त्याच्या नावावरचा विनोद. तरुणपणी लोक त्याला ‘एसन’ म्हणत. जेसनमधला ‘जे’ गाळायचा, कारण याच्याकडे जंप शॉट, म्हणजे उडी मारून लांबून टाकायचा फटका, नाही! आणि हाच माणूस निवृत्त झाला तेव्हा त्याच्या खात्यात १,९८८ तीन-गुणी गोल होते; त्या वेळी त्याच्या पुढे दोघंच होते. म्हणजे हा उशिरा शिकणारा माणूस आहे. शिकतो पक्कं, पण आपल्या वेळेला. ही गोष्ट लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

आता नेट्सची बाजू. २०१२ मध्ये संघ न्यू जर्सीतून ब्रुकलिनच्या नव्याकोऱ्या बार्कलेज सेंटरमध्ये आला. मालक रशियन अब्जाधीश मिखाइल प्रोखोरोव. २०१० मध्ये संघ घेतानाच त्यांनी पाच वर्षांत विजेतेपदाची भाषा केली होती. ब्रुकलिनमधल्या पहिल्या हंगामात ४९ विजय आले, पण मधेच प्रशिक्षक एव्हरी जॉन्सन यांना काढलं गेलं आणि प्लेऑफच्या, म्हणजे साखळीनंतरच्या बाद सामन्यांच्या, पहिल्याच फेरीत शिकागोने सातव्या सामन्यात, तेही ब्रुकलिनमध्ये येऊन, घरी बसवलं. हंगामी प्रशिक्षकालाही निरोप मिळाला. खुर्ची रिकामी झाली.

पेच

पॉइंट गार्डला ‘मैदानावरचा प्रशिक्षक’ म्हणायची सगळीकडे पद्धत आहे. डाव तोच लावतो, वेग तोच ठरवतो, कुणाला चेंडू कधी द्यायचा हे त्याच्या हातात. किडच्या बाबतीत तर हे शब्द इतक्या वेळा वापरले गेले की ते खरेच वाटू लागले. माझ्या मते सगळी गफलत इथून सुरू झाली.

गार्डचा निर्णय हा हातातल्या चेंडूने घेतलेला निर्णय असतो. समोरचा बचावपटू अर्धं पाऊल डावीकडे सरकला, की पास उजवीकडे गेलेला असतो. त्याला स्वतःलाही नंतर सांगता येत नाही की आपण नेमकं काय पाहिलं. प्रशिक्षकाला नेमकं तेच सांगावं लागतं, आणि तेही अशा पंधरा जणांना ज्यांना ते दिसत नाही. त्यातले काही चिडलेले असतात, काहींना आपल्याला खेळवत का नाहीत हा प्रश्न पडलेला असतो. शिवाय कामाचा मोठा भाग सामन्याच्या बाहेरचा: सराव कसा आखायचा, व्हिडिओतलं काय दाखवायचं आणि काय नाही, कुठल्या सहायकाला कुठलं काम, विमानाला उशीर झाला तर सकाळचा हलका सराव रद्द करायचा का. हे बाकावर बसून, दुसऱ्याच्या हाताखाली शिकायचं काम आहे.

आपल्याकडे खेळाडू प्रशिक्षक व्हायला निघाला की पहिला प्रश्न येतो, ‘एनआयएस केलंय का?’ पतियाळाचा तो डिप्लोमा कुणाला चांगला प्रशिक्षक बनवतोच असं नाही, पण निदान खेळाडू आणि प्रशिक्षक यांच्यामध्ये एक उंबरठा तरी असतो. एनबीएमध्ये मुख्य प्रशिक्षक व्हायला कुठलंही प्रमाणपत्र लागत नाही. मालकाने हो म्हटलं की झालं.

त्यात संघ कसा, तर पुढच्या दोन आठवड्यांत नेट्सच्या व्यवस्थापनाने बॉस्टनशी सौदा करून केव्हिन गार्नेट, पॉल पिअर्स आणि जेसन टेरी हे तिघे आणले. बदल्यात २०१४, २०१६ आणि २०१८ ची पहिल्या फेरीची निवड आणि २०१७ मध्ये निवडीची अदलाबदल करायचा हक्क बॉस्टनला दिला. गार्नेट सदतिशीचा, पिअर्स छत्तिशीकडे झुकलेला. पगाराची मर्यादा ओलांडल्याबद्दल लीगला भरायचा लक्झरी टॅक्सच नऊ कोटी डॉलरच्या घरात गेला. असा संघ ‘दोन वर्षं जरा शिकतो’ म्हणणाऱ्याच्या हातात देण्यासारखा नव्हता. जिंकायचं ते याच वर्षी.

समोरचे पर्याय

किडसमोर काय काय होतं? निक्स या त्याच्या शेवटच्या संघाबरोबरचा त्याचा करार अजून बाकी होता, पण शरीराने उत्तर देऊन टाकलं होतं. शेवटच्या प्लेऑफमधल्या शेवटच्या दहा सामन्यांत त्याचा एकही गुण नव्हता. टीव्हीवर समालोचन करता आलं असतं. स्टीव्ह कर तेच करत होता, आणि त्याआधी फिनिक्सचा व्यवस्थापकही राहिला होता. तिसरा रस्ता रुळलेला होता: एक-दोन वर्षं कुणाचा तरी सहायक व्हायचं. चौथा, थेट मुख्य खुर्ची.

नेट्सपुढे दुसरं एक नाव होतं, ब्रायन शॉ. तोही गार्ड, तोही ओकलंडचा, आणि लेकर्स व पेसर्स या संघांकडे कित्येक वर्षं सहायक म्हणून घासून निघालेला. कागदावर तर प्रश्नच नव्हता. पण कागदाला फार भाव देऊ नये. शॉ त्याच उन्हाळ्यात डेन्व्हरचा मुख्य प्रशिक्षक झाला, पहिल्या हंगामात ३६ सामने जिंकला आणि मार्च २०१५ मध्ये त्याला काढलं. अनुभव असला की जमतंच, असं हे प्रकरण सांगत नाही.

बिनअनुभवी माणूस थेट बसवला आणि जमलं, अशीही उदाहरणं नेट्सच्या डोळ्यांसमोर होती. १९९७ मध्ये इंडियानाने लॅरी बर्डला असंच आणलं होतं. पण बर्डने काय केलं? आक्रमणाचं काम रिक कार्लाइलकडे दिलं, बचावाचं डिक हार्टर यांच्याकडे, आणि स्वतः बाकावर शांत उभा राहिला. सामना चालू असताना कोण काय बघणार, हे ठरलेलं होतं. २००० मध्ये तो संघ अंतिम फेरीत गेला.

किडने वरवर हाच कित्ता गिरवला. लॉरेन्स फ्रँकना आपला मुख्य सहायक म्हणून आणलं.

पहिला निर्णय: जुना साहेब सहायक

फ्रँक कोण? २००४ ते २००८ या काळात न्यू जर्सीत किड खेळायचा तेव्हा त्याचे मुख्य प्रशिक्षक. आता तोच खेळाडू साहेब आणि साहेब सहायक. फ्रँकना सहा वर्षांचा करार मिळाला. सहायकाच्या मानाने पगार भरभक्कम असल्याच्या बातम्या तेव्हा आल्या होत्या. तयारी बारीक, तपशिलाचं वेड, बचावात हातखंडा, अशी त्यांची ख्याती. नवशिक्याला आणखी काय हवं?

सरकारी कचेरीत किंवा बँकेत हे चित्र नेहमी दिसतं. ज्याच्या हाताखाली आपण कारकुनी शिकलो तो आता आपल्या हाताखाली. दोघंही सज्जन असले तरी रोज सकाळी कोण कुणाला आधी नमस्कार करतो याचं एक अवघडलेपण राहतंच. बर्डच्या दोन सहायकांना तो कधी आपला शिष्य वाटला नव्हता. फ्रँकच्या बाबतीत जुनं नातं पुसून नवी रेघ ओढायला हवी होती: बचाव तुझा, आक्रमण अमक्याचं, टाइमआउटमध्ये बोलणार मी. ती रेघ ओढली गेली होती का, मला शंका आहे.

हंगामाची सुरुवातही अडखळत झाली. आदल्या वर्षी दारू पिऊन गाडी चालवल्याच्या प्रकरणात किडने गुन्हा कबूल केला होता, म्हणून लीगने त्याला पहिल्या दोन सामन्यांसाठी निलंबित केलं. बार्कलेजच्या छताला त्याची ५ क्रमांकाची जर्सी नुकतीच, ऑक्टोबरात, चढवली होती. खाली बाकावर तो स्वतः नव्हता.

दुसरा प्रसंग: ग्लास

२७ नोव्हेंबर २०१३. बार्कलेज, समोर लेकर्स. नेट्स पिछाडीवर, घड्याळात ८.३ सेकंद, टाइमआउट सगळे संपलेले. लेकर्सचा खेळाडू फ्री थ्रोसाठी उभा. किड हातात शीतपेयाचा ग्लास घेऊन कडेला चालत आला. नेट्सचा एक तरुण गार्ड बाकाकडे येत होता. कॅमेऱ्यात किडचे ओठ हललेले दिसतात, ‘हिट मी’. मुलगा त्याच्यावर आपटला, ग्लास पडला, बर्फ आणि पेय लाकडी फरशीवर. पंचांनी खेळ थांबवला, पुसणारे धावले. तेवढ्यात एका सहायकाने खेळाडूंना गोळा करून फळीवर डाव काढून दाखवला. विकत न मिळणारा टाइमआउट सांडून मिळवला.

पिअर्सचा तीन-गुणी फटका चुकला. ९९–९४ असा सामनाही गेला. ग्लास हातातून निसटला, हात घामेजले होते, असं किडने नंतर सांगितलं. लीगने चित्रफीत पाहिली आणि पन्नास हजार डॉलरचा दंड केला.

लोक यावर खूप हसले. मला मात्र यात शुद्ध गार्ड दिसतो. नियमाच्या फटीतून चेंडू सरकवायची आयुष्यभराची सवय. खेळताना हाच गुण कौतुकाचा होता. २०१०च्या एका सामन्यात तर कोर्टात शिरलेल्या विरोधी प्रशिक्षकाला मुद्दाम धडकून त्याने त्या प्रशिक्षकावर तांत्रिक फाऊल ओढवला होता. तेव्हा टाळ्या पडल्या. पण प्रशिक्षक म्हणून शेवटच्या आठ सेकंदांत युक्ती करावी लागते, याचा अर्थ टाइमआउट आधीच संपवले आहेत. पुढचं गणित आधी करून ठेवणं हे त्याचं नवं काम होतं आणि तो जुन्या कामाच्या हुशारीने ते भरून काढत होता.

तिसरा निर्णय: रोजचा अहवाल

ग्लासाला आठवडाही झाला नव्हता. ३ डिसेंबरला, संघ पाच जिंकून बारा हरलेला असताना, बातमी आली की लॉरेन्स फ्रँक यापुढे बाकावर बसणार नाहीत, सरावालाही नसतील. त्यांनी रोजचा अहवाल लिहायचा.

रोजचा अहवाल! सहा वर्षांचा करार असलेल्या माणसाला. आपल्याकडे याला ‘साइड पोस्टिंग’ म्हणतात, कुठल्याही पोलिस शिपायाला विचारा. त्याच रात्री डेन्व्हरने नेट्सना २४ गुणांनी हरवलं. दोन दिवसांनी निक्सनी तीस गुणांनी.

निर्णयबिंदू म्हणून या प्रसंगावर जरा थांबायला हवं, कारण त्याच्या दोन्ही बाजूंना वजन आहे. किडच्या विरोधात: पाच महिन्यांपूर्वी आपणच आणलेला माणूस आपणच असा जाहीर हलवला, तर खेळाडू आणि बाकीचे सहायक काय शिकतात? की इथे मतभेद म्हणजे दार. शिवाय ज्याच्याकडून शिकायचं त्यालाच खोलीबाहेर काढलं. किडच्या बाजूने: दोन आवाज असलेल्या बाकापेक्षा एक कच्चा आवाज बरा. गार्नेट, पिअर्ससारखे खेळाडू अनिश्चितता ताबडतोब हुंगतात. कोण बोलतंय हे त्यांना कळायला हवं होतं, मग तो चुकीचं बोलला तरी चालेल.

मला वाटतं, निर्णय बरोबर होता आणि तो घ्यावा लागणं ही चूक होती. ती चूक डिसेंबरची नव्हती, जूनची होती. कामाची वाटणी तेव्हाच लिहून काढायला हवी होती.

चौथा निर्णय: उंच माणूस गेला, मग काय

२० डिसेंबरला फिलाडेल्फियाविरुद्ध ब्रूक लोपेझच्या उजव्या पायाचं हाड मोडलं. सात फुटी सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, संघातला सर्वांत भरवशाचा गुण मिळवणारा, उरलेल्या हंगामासाठी बाहेर. वर्षअखेरीला, ३१ डिसेंबरच्या सान अँटोनियोतल्या पराभवानंतर, नेट्स १०–२१, म्हणजे दहा विजय आणि एकवीस पराभव. किडची नोकरी जाणार असं वृत्तपत्रं रोज लिहीत होती.

इथे दोन रस्ते होते. लोपेझच्या जागी दुसरा उंच माणूस उभा करायचा आणि तोच खेळ थोडा वाईट खेळायचा. किंवा खेळच बदलायचा. किडने दुसरा निवडला. गार्नेटला सेंटरच्या जागी नेलं, पिअर्सला एक जागा वर सरकवलं, आणि शॉन लिव्हिंगस्टनला सुरुवातीच्या पाचांत आणलं. लिव्हिंगस्टन म्हणजे २००७ मध्ये गुडघा अक्षरशः निखळलेला, त्यानंतर संघामागून संघ बदलत राहिलेला सहा फूट सात इंची गार्ड. आता उंच कुणीच नाही, पण हात सगळ्यांचे लांब. बचावात खेळाडूंची अदलाबदल सहज होऊ लागली, समोरच्याच्या हातातून चेंडू सुटू लागले. सेंटरकडे चेंडू टाकून वाट बघणारा संघ आता चेंडू फिरवू लागला.

हा डाव कुणाच्या अहवालातून आला नसावा. हा एका पॉइंट गार्डचा डाव होता: समोर जी माणसं आहेत त्यांना कुठे उभं केलं तर पासची वाट मोकळी होते? निदान याबाबतीत तरी ‘मैदानावरचा प्रशिक्षक’ खरा ठरला.

२ जानेवारीला ओक्लाहोमा सिटीत जो जॉन्सनने शेवटच्या क्षणी फेकलेला चेंडू बास्केटमध्ये गेला आणि ९५–९३ असा सामना जिंकला. त्या रात्री किड टाय न लावता आला होता. मग काय, जिंकतोय तोवर टाय नाही. जानेवारीतल्या पहिल्या ११ पैकी १० सामने संघ जिंकला. क्रिकेटमध्ये भागीदारी जमली की ड्रेसिंग रूममधलं कुणी जागचं हलत नाही, तसलाच प्रकार.

नव्या वर्षात ५१ पैकी ३४ विजय. जानेवारी आणि मार्च, दोन्ही महिन्यांत पूर्व विभागाचा सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणून त्याचीच निवड झाली. फ्रँक मात्र परत बाकावर आले नाहीत.

निष्पत्ती

४४–३८, पूर्वेत सहावा क्रमांक. पहिल्या फेरीत टोरांटोविरुद्ध सात सामने. सातवा ४ मे २०१४ रोजी टोरांटोत, १०४–१०३. शेवटच्या क्षणी काइल लाउरीचा फटका पिअर्सने अडवला, नाहीतर हे वर्षही पहिल्याच फेरीत संपलं असतं. पुढे मायामी. साखळीत नेट्सनी मायामीला चारही वेळा हरवलं होतं. प्लेऑफमध्ये मायामीने त्यांना ४–१ असं गुंडाळलं.

त्या पगारात आणि त्या किमतीत दुसरी फेरी म्हणजे अपयशच. पण १०–२१ वरून संघ वर काढणारा प्रशिक्षक म्हणून पाहिलं, तर पहिल्या वर्षासाठी हे काम वाईट नव्हतं. इथे थांबला असता तर प्रकरण ‘धडपडला पण सावरला’ या सदरात गेलं असतं.

तो थांबला नाही. जून २०१४ मध्ये त्याने संघबांधणीवरही आपला अधिकार मागितला, म्हणजे महाव्यवस्थापक बिली किंग यांच्या वरची जागा. मालकांनी नकार दिला. मग मिलवॉकी बक्सच्या नव्या मालकांशी बोलणी झाली. तिथे लॅरी ड्रू प्रशिक्षक म्हणून पदावर होते. ते पदावर असतानाच ही चर्चा झाली, आणि ते बाहेर पडले. नेट्सना मोबदला म्हणून दुसऱ्या फेरीच्या दोन निवडी मिळाल्या. बारा महिन्यांपूर्वी बॉस्टनला पहिल्या फेरीच्या तीन निवडी देणाऱ्या संघाला आपला प्रशिक्षक दोन दुसऱ्या फेरींत द्यावा लागला.

वेगळं काय करता आलं असतं

नेट्सकडून पाहिलं तर किडला घेणं ही मुळात चूक होती असं मी म्हणणार नाही. चूक ही की म्हातारा, महागडा, आजच जिंकायला हवं असा संघ आणि शिकाऊ प्रशिक्षक यांची एकत्र मोट बांधली. दोन्हींपैकी एक चाललं असतं. गंमत म्हणजे याच नेट्सनी २०२० मध्ये पुन्हा एका महान पॉइंट गार्डला, स्टीव्ह नॅशला, मुख्य प्रशिक्षकाचा कसलाही अनुभव नसताना ताऱ्यांनी भरलेला संघ दिला. नोव्हेंबर २०२२ मध्ये, दोन जिंकून पाच हरल्यावर, तेही संपलं.

किडकडून पाहिलं तर सत्तेची मागणी हा मला सगळ्यात महागात पडलेला निर्णय वाटतो, ग्लास आणि अहवाल त्यापुढे किरकोळ. जो माणूस पाच महिने टिकणारं काम-वाटप आखू शकला नव्हता, तो एका हंगामानंतर आणखी एका खात्याचा कारभार मागत होता. एक वर्ष ब्रुकलिनमध्ये, जमलेल्या खेळावर, जमलेल्या लिव्हिंगस्टनवर काढलं असतं तर? अर्थात लिव्हिंगस्टनही राहिला नाही. त्या उन्हाळ्यात तो गोल्डन स्टेटला गेला. तिथे स्टीव्ह कर पहिल्यांदाच प्रशिक्षक झाला होता. त्याने आक्रमणासाठी ॲल्विन जेंट्री आणि बचावासाठी रॉन ॲडम्स असे दोन मुरलेले सहायक घेतले, आणि पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवलं. बर्डचा कित्ता, नीट गिरवलेला. करच्या हातात तरुण संघ होता, हेही सांगायला हवं.

पुढची दहा वर्षं

मिलवॉकीत पहिलं वर्ष छान गेलं: आदल्या वर्षी १५ सामने जिंकलेला संघ ४१–४१ वर आला. २०१६ मध्ये त्याने जवळपास सात फुटी यानिस अँटेटोकुंपोच्या हातात चेंडू देऊन त्याला पॉइंट गार्डसारखं खेळवलं. पुन्हा तोच डोळा. पण सतत दुप्पट घेराव घालणारा त्याचा बचाव प्रतिस्पर्ध्यांना पाठ झाला आणि तो बदलत नव्हता. जानेवारी २०१८ मध्ये २३–२२ असताना त्याला काढलं. पुढच्या पूर्ण हंगामात, नव्या प्रशिक्षकाखाली, बक्सनी ६० सामने जिंकले.

आणि मग २०१९ मध्ये, हॉल ऑफ फेममध्ये जाऊन आल्यावर, सेहेचाळिसाव्या वर्षी, त्याने २०१३ मध्ये ओलांडलेली पायरी चढली. लेकर्समध्ये फ्रँक व्होगेलचा सहायक झाला. टाइमआउटमध्ये दुसऱ्याने बोलायचं आणि याने मागे उभं राहायचं. दोन वर्षं. २०२० मध्ये संघ विजेता ठरला.

२०२१ मध्ये कार्लाइलनी डॅलस सोडलं तेव्हा आपल्या जागी किड यावा असं त्यांनी उघड सांगितलं. किड आला. या वेळी बचावाचं काम शॉन स्वीनीकडे होतं. ब्रुकलिनमध्ये व्हिडिओच्या खोलीतून सुरुवात केलेला, मिलवॉकीतही बरोबर असलेला हा माणूस. त्याने कधीकाळी किडचा साहेब असण्याचा प्रश्नच नव्हता. पहिल्याच हंगामात ५२ विजय आणि पश्चिम विभागाची अंतिम फेरी. फिनिक्सला त्यांच्याच घरी, सातव्या सामन्यात ३३ गुणांनी हरवून. पुढचा हंगाम पडला. त्याच्या पुढच्या वर्षी, जून २०२४ मध्ये, किड प्रशिक्षक म्हणून एनबीएच्या अंतिम फेरीत पोचला.

समोर बॉस्टन होतं. बॉस्टन ४–१ ने जिंकलं. अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू जेलन ब्राउन. त्याला बॉस्टनने २०१६ मध्ये नेट्सच्या निवडीवर घेतलं होतं. त्याचा जोडीदार जेसन टेटम, तोही २०१७च्या त्याच अदलाबदलीतून आलेला. अकरा वर्षांपूर्वी गार्नेट आणि पिअर्स एका नवशिक्या प्रशिक्षकाच्या हातात द्यायला नेट्सनी जे मोजलं होतं, ते आता हिरव्या जर्सीत त्याच्यासमोर खेळत होतं.